मेलेल्या बाईची पत्रे

रहस्यकथा वाचणाऱ्याला एक सवय जडते. शेवटच्या प्रकरणात सारे उलगडणार, धनंजय किंवा झुंजार पुढे होऊन कोणी, कसे आणि कशासाठी ते सांगणार, या भरवशावर तो मधली शंभर पाने धीराने वाचतो. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहून मराठी माणसाला ही गोडी लावली, आणि तीत वाईट काही नाही. मीही शाळकरी वयात बाकाखाली धरून त्या वाचल्या आहेत, आणि आता मास्तर झाल्यावर बाकाखालून त्या बाहेरही काढल्या आहेत. परंतु खऱ्या खुनाच्या हकीकतीला शेवटचे प्रकरण असतेच असे नाही. तिथे असतात त्या उपपत्त्या. हाती आलेल्या चारदोन तुटक गोष्टी, आणि मधल्या मोकळ्या जागा ज्याने त्याने आपापल्या अकलेने भरलेल्या. हे काम थेट कथालेखकाचे आहे. तेव्हा अशा उपपत्त्यांची परीक्षा कथेच्या कसोट्यांनी का करू नये, असा विचार माझ्या मनात पुष्कळ दिवस घोळत होता. फराळाच्या ताटाशेजारी हा विषय शोभेल काय, अशी शंका कोणी काढील. पण दिवाळी अंक घरात आला की सर्वांत आधी कोणते पान उघडले जाते, हे घरोघरच्या मंडळींनी स्वतःच्या मनाला विचारावे.

मी ज्या हकीकतीविषयी लिहिणार आहे ती पुण्याची आहे, आणि जुनी आहे. लक्ष्मीबाई कर्वे या शुक्रवार पेठेत राहणाऱ्या विधवा बाई. लग्न 1922 साली झालेले, पती 1945 साली वारलेले, मागे घर, शेअर्स, बँकेत पैसा. प्रकृती मात्र तोळामासा. मधुमेह होता, इतरही दुखणी होऊन गेलेली. त्यांच्याच वाड्यात डॉ. अनंत चिंतामण लागू हे भाडेकरू होते. ते बाईंना औषध देत, आणि हळूहळू त्यांचे व्यवहारही पाहू लागले. 12 नोव्हेंबर 1956 च्या रात्री बाई डॉक्टरांसोबत पुण्याहून मुंबईला जाणाऱ्या गाडीत बसल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मुंबईच्या एका मोठ्या डॉक्टरांना प्रकृती दाखवायची होती. त्यांची वेळही घेतलेली होती.

आम्हां सोलापूरकरांना या प्रवासात नवल वाटण्यासारखे काहीच नाही. इथून मुंबईला माणूस दाखवायला न्यायचे म्हणजे रात्रीची गाडी ठरलेली. सिद्धेश्वर एक्सप्रेसच्या कोणत्याही डब्यात एखादी म्हातारी, तिच्या उशाला कागदांची पिशवी आणि पायथ्याशी जागा असलेला मुलगा किंवा जावई दिसतोच. त्या रात्रीच्या डब्यातही कोणाला काही वावगे दिसले नसणार. पहाटे गाडी बोरीबंदरला लागली तेव्हा बाई बेशुद्ध होत्या. डॉक्टरांनी त्यांना टॅक्सीत घालून गोकुळदास तेजपाल इस्पितळात नेले. तिथे पावणेसहाच्या सुमारास त्यांना दाखल करून घेण्यात आले, आणि साडेअकराच्या सुमारास, शुद्धीवर न येता, त्या वारल्या.

इथून उपपत्त्या सुरू होतात. इस्पितळाच्या मंडळींना प्रथम वाटले की हे हिस्टेरियाचे झटके असावेत. मग लघवीत साखर सापडली, आणि मधुमेहाने आलेली मूर्च्छा हे निदान पुढे आले. इन्सुलिन देण्यात आले. मृत्यूनंतर शवचिकित्सेची सूचनाही निघाली, पण ती बाजूला पडून कागदावर मधुमेहाची मूर्च्छा हेच कारण राहिले. शव न्यायला कोणी आले नाही. डॉक्टर पुण्यास परत गेले होते. इस्पितळाने तार केली, तेव्हा त्यांनी लिहून कळवले की बाईंचा भाऊ कलकत्त्याहून यायचा आहे. भाऊ आला नाही. बेवारशी प्रेत म्हणून ते वैद्यकीय महाविद्यालयाकडे गेले. तिथे मानेवरची एक खूण कोणाच्या तरी डोळ्यांत भरली आणि दहाएक दिवसांनी शवचिकित्सा झाली. खुणेतून काही निघाले नाही. रासायनिक तपासणीत विषही सापडले नाही. प्रेताचे दहन झाले, आणि मुंबईपुरती ही गोष्ट संपली.

पुण्यात ती सुरूच झाली नव्हती. पुण्यात लक्ष्मीबाई मेल्याच नव्हत्या.

आप्तांना त्यांची पत्रे येऊ लागली. पत्रांत असे कथानक होते: बाईंनी जोशी नावाच्या एका गृहस्थाशी पुनर्विवाह केला आहे, त्या जयपूरजवळ राठोडी नावाच्या गावी सुखात आहेत, आणि आता परत येणार नाहीत. इकडे त्यांच्या नावच्या सह्यांनी बँकेतला पैसा निघत होता, शेअर्स विकले जात होते. वर्ष उलटून गेले. 1957 साल संपता संपता आप्तांपैकी एकाने सरकारदरबारी तक्रार केली, मार्च 1958 मध्ये डॉक्टरांना अटक झाली, आणि पत्रे व सह्या बनावट होत्या हे पुढे न्यायालयात शाबीत झाले. 

मी शाळामास्तर. बनावट पत्रांचा मला थोडाफार अनुभव आहे. 'माझ्या मुलास ताप आल्याने तो शाळेत येऊ शकला नाही' अशी चिठ्ठी बापाच्या सहीने येते, तेव्हा ती खोटी आहे हे अक्षरावरून क्वचितच कळते. अक्षर पोरे छान वळवतात. कळते ते मजकुरावरून. खरा बाप एका ओळीत ताप म्हणतो आणि सही करतो. खोटा बाप ताप किती होता, डॉक्टर कोणते, औषध कोणते, सारे सांगतो. कारण त्याला वाचणाऱ्याच्या शंकेची आधीच धास्ती असते. पुण्याच्या पत्रांतला जोशी मला या जातीचा वाटतो. 'मी येत नाही, शोध करू नका' इतके पुरे होते. मग नवरा कशाला? गाव कशाला? 

पण इथे थांबून जरा विचार केला की ध्यानात येते, या लेखकाने आपला वाचक बरोबर ओळखला होता. काशी-रामेश्वराला गेलेल्या बाईची घरचे वाट पाहतात. आजारी पडलेल्या बाईला कोणी तरी भेटायला जाते. मेलेल्या बाईचे दिवस करावे लागतात, आणि मागोमाग वारसही उभे राहतात. मात्र पोक्त वयाची, जाणता मुलगा असलेली विधवा बाई परक्या गृहस्थाचा हात धरून दूर देशी निघून गेली, असे कळले तर काय होते? घरातले आवाज खाली जातात. शेजारणीने विचारले तर विषय बदलला जातो. कोणी शोधाला निघत नाही, कारण सापडली तर काय करायचे हाच प्रश्न असतो. आणि खरे सांगायचे तर अशी बातमी ऐकणाऱ्यांपैकी कित्येकांना ती ऐकताक्षणी पटते; अविश्वासाला जागा असूनही पटते, कारण ऐकायला गोड असते. 1856 साली विधवाविवाहाचा कायदा झाला. त्याला शंभर वर्षे भरली त्याच साली हा प्रकार घडला आहे. कायद्याने दिलेली वाट शंभर वर्षांतही इतकी लाजिरवाणी राहिली होती की एका मेलेल्या बाईला त्या वाटेवर सोडून दिले म्हणजे तिच्यामागे कोणी येणार नाही, असा हिशेब मांडता येत होता. वर्षभर तो चुकलाही नाही. या एका गोष्टीसाठी ही हकीकत मला शेकडो रहस्यकथांहून मोठी वाटते. विष कोणते होते यापेक्षा ही पत्रे वर्षभर का चालली, हे कोडे जास्त खोल आहे.

वाचकांतही सारखे नसतात, हेही सांगितले पाहिजे. काही आप्तांना ते कथानक पटले नाही. त्यांच्यापाशी पुरावा नव्हता. त्यांच्यापाशी फक्त लक्ष्मीबाईंची ओळख होती. ही बाई अशी लिहिणार नाही, ही असे वागणार नाही, एवढाच आधार. साहित्यात आपण याला स्वभावरेखेची कसोटी म्हणतो. पात्राच्या तोंडी न शोभणारे वाक्य आले की चांगला वाचक अडखळतो, आणि अडखळला की मागची पाने पुन्हा उलटतो. पुण्याच्या त्या अडखळलेल्या वाचकांमुळेच हे प्रकरण चौकशीपर्यंत पोचले.

खटला चालला, फाशीची शिक्षा झाली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि अपील सर्वोच्च न्यायालयात गेले. त्याचा निकाल 14 डिसेंबर 1959 चा आहे. आमच्या इथल्या एका वकील स्नेह्यांनी तो मला दिला. माझे इंग्रजी मॅट्रिकच्या पुढे गेलेले नाही, त्यामुळे एका बाजूला कोश आणि दुसऱ्या बाजूला वकीलसाहेब अशा थाटात तो मी महिनाभर वाचला. वाचून वाटले की हे दोन परस्परविरोधी परीक्षणांचे पुस्तक आहे. न्यायमूर्ती तीन होते: सुधांशुकुमार दास, हिदायतुल्ला आणि सरकार. पहिल्या दोघांचे बहुमताचे निकालपत्र हिदायतुल्लांनी लिहिले आणि अपील फेटाळले. सरकार यांनी वेगळे मत नोंदवले. हिदायतुल्ला आणि सरकार हे दोघेही पुढे भारताचे सरन्यायाधीश झाले, तेव्हा एक थोर आणि दुसरा सामान्य असे म्हणून सुटका करून घेता येत नाही.

सरकार यांचे म्हणणे सरळ आहे. बाई विषाने मेली हे आधी सिद्ध व्हायला हवे. विष सापडले नाही. मधुमेह तर होताच. माणसाने मृत्यूनंतर जे केले, म्हणजे प्रेत टाकून जाणे, पत्रे, सह्या, पैसे, त्या सगळ्याचा उलगडा लोभाने होऊ शकतो. बाई आपल्या मरणाने मेली, हे फक्त आपल्यालाच ठाऊक आहे हे याने ओळखले, आणि तिथून तो चोर झाला. चोर झाला म्हणून खुनी ठरत नाही. कथाकार म्हणून मला ही उपपत्ती फार आवडते. तिच्यात एक माणूस एका सकाळी, इस्पितळाच्या पायऱ्या उतरताना बिघडतो. बहुमताच्या उपपत्तीतला माणूस आधीपासून बिघडलेला आहे. कादंबरीत तो जरा सपाट वाटला असता.

परंतु आवडणे वेगळे आणि पटणे वेगळे. सरकार यांच्या उपपत्तीत लोभ मृत्यूनंतर जन्मतो. म्हणजे मृत्यूच्या आधी घडलेली एखादीही लबाडी तिच्यात मावता कामा नये. आणि नेमकी अशी एक गोष्ट आहे. पहाटे पावणेसहाला, बाई जिवंत असताना, इस्पितळात नाव सांगितले गेले ते लक्ष्मीबाई कर्वे असे नव्हते. 'इंदुमती पौंशे' असे होते.

हे नाव निव्वळ खोटेही नाही, हा यातला मर्मभाग. लग्नाआधी त्या इंदू पोंक्षे होत्या. आपल्याकडे लग्नाच्या दिवशी तांदळावर सोन्याच्या अंगठीने नवे नाव लिहितात, आणि जुन्या नावाची मुलगी त्या ताटातच संपते. पुढे चौतीस वर्षांनी ते संपलेले नाव बाहेर काढून इस्पितळाच्या कागदावर घातले गेले. बँकेत त्या नावाची बाई नव्हती. शेअर्सवर ते नाव नव्हते. मुंबईत इंदुमती वारली तरी पुण्यातल्या लक्ष्मीबाईच्या सहीला काही बाधा येत नव्हती. पुरुषाच्या बाबतीत हे करून पाहा. अनंत रामचंद्र कर्वे यांना कोणी त्यांच्याच एखाद्या खऱ्या नावाखाली असे लपवू शकले असते काय? बाईला माहेरचे एक नाव, सासरचे एक, आणि पत्रांतून तिसऱ्या घरचे आडनाव. हातचलाखी करणाऱ्याला आणखी काय हवे? ही सोय त्याने निर्माण केली नव्हती. ती आपण सर्वांनी मंगलाष्टके म्हणत करून ठेवलेली आहे.

यालाही बचावाची बाजू आहे, हे खरे. इंदू हे नाव डॉक्टरांच्या तोंडी असेल, घाईत तेच आले असेल, असे म्हणता येईल. एखादे वाक्य निसटू शकते. पण बोरीबंदराला खेटून सेंट जॉर्ज इस्पितळ आहे, वाटेत कल्याण आहे, दादर आहे. मधुमेही माणूस बेशुद्ध पडला तर स्वतः डॉक्टर असलेला सोबती कुठे तरी हाकाटी करतो. मधुमेहाची मूर्च्छा हळूहळू, लक्षणे दाखवीत येते असे तज्ज्ञांनी सांगितले. बाई तर आदल्या रात्री चालत्याबोलत्या निघाल्या होत्या. या मुद्द्यावर आणि इस्पितळाच्या कागदांतल्या नोंदींवर निकालपत्रात पुष्कळ खल आहे, त्यात मी शिरत नाही. माझ्यापुरता नावाचा मुद्दा पुरेसा आहे. कथा केव्हा सुरू झाली, हे पाहावे. मरणानंतर सुरू झाली असेल तर ती चोराची कथा. बाईचा श्वास चालू असतानाच पहिली ओळ लिहिली गेली असेल, तर मात्र लेखकाला शेवट आधीच माहीत होता.

हीच कसोटी दुसऱ्या एका हकीकतीला लावून पाहण्याजोगी आहे. ती आपल्या मुलखातली नाही, पण तिच्याविषयीच्या उपपत्त्या वीस वर्षांहून जास्त काळ जगभर चघळल्या जात आहेत. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो गावी लेसी पीटरसन ही सत्तावीस वर्षांची, आठवा महिना लागलेली बाई 24 डिसेंबर 2002 रोजी, नाताळच्या आदल्या दिवशी, नाहीशी झाली. नवरा स्कॉट म्हणाला, मी समुद्रावर मासे धरायला गेलो होतो. एप्रिलमध्ये त्याच खाडीच्या काठी, एका दिवसाच्या अंतराने, बाळाचे आणि आईचे शव लागले. मृत्यू कशाने आला हे तिथेही सांगता आले नाही. 2004 साली पंचांनी नवऱ्याला दोन्ही जिवांच्या खुनाबद्दल दोषी ठरवले. फाशीची शिक्षा 2020 साली रद्द झाली आणि 2021 साली तिच्या जागी आमरण कारावास आला.

बचावाची उपपत्ती अशी की समोरच्या घरात चोरी झाली, कुत्र्याला फिरवायला निघालेल्या लेसीने चोर पाहिले, आणि त्यांनी तिला नेले. चोरी खरी होती, चोर सापडले. पोलिसांच्या मते ती दोन दिवसांनंतरची होती. मग वाद पोटातल्या बाळापाशी आला. त्याच्या हाडांच्या लांबीवरून त्याचे वय काढायचे, आणि ते 24 डिसेंबरनंतरही जगले असे दिसले तर बाप सुटतो, कारण तेव्हापासून त्याच्यावर साऱ्यांची नजर होती. जन्माला न आलेले मूल साक्षीला उभे राहिले, आणि दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांनी त्याच्याकडून दोन वेगवेगळ्या साक्षी काढल्या. 

आमच्या वाचनालयात यावर बोलणे निघाले की मंडळी चटकन नवऱ्याच्या दुसऱ्या बाईपाशी येतात. नवऱ्याचे बाहेर प्रकरण होते म्हणजे तोच खुनी, हे घरगुती तर्कशास्त्र मला पटत नाही. तसे असते तर गावोगाव तुरुंग पुरले नसते. पण त्या प्रकरणातली एक तारीख मात्र दुर्लक्षण्याजोगी नाही. आपण पत्नीला गमावले आहे आणि तिच्याविना हा पहिलाच नाताळ, असे त्याने त्या दुसऱ्या बाईला सांगितले ते 9 डिसेंबरला. लेसी तेव्हा घरी होती. पुढे पंधरा दिवस होती. इथेही पहिली ओळ आधी लिहिली गेली आहे. बाहेरख्याली माणूस विधुर असल्याची थाप मारतो, यात अशक्य काही नाही, आणि त्याचे वकील ते म्हणणारच. मात्र चोरांच्या उपपत्तीला ही ओळ निव्वळ योगायोग म्हणून गिळावी लागते, आणि चांगल्या कथेत इतका मोठा योगायोग आपण लेखकाला माफ करीत नाही.

दोन्ही हकीकती शेजारी ठेवल्यावर मला जास्त सलते ती वेगळीच गोष्ट. लेसी दोन जिवांची होती. ती दिसेनाशी झाली त्याच संध्याकाळी पोलीस आले, आणि मग शेकडो अनोळखी माणसे तिचे चित्र हातात घेऊन रानोमाळ हिंडली. पोटुशी बाई हरवली की सगळ्या गावाच्या पोटात कालवते. तिथे आणि इथे, दोन्हीकडे. लक्ष्मीबाई मात्र एकट्या जिवाच्या होत्या, आणि तो जीव कोणाच्या मोजणीत नव्हता. तक्रार व्हायला वर्षावर काळ लागला. डिसेंबर आणि जानेवारी, संक्रांत, पाडवा, श्रावण, गणपती, दिवाळी, सगळे सण येऊन गेले, आणि पत्रे येतच होती. 

मी कोणत्या बाजूचा, असे कोणी विचारले तर परीक्षक म्हणून मी बहुमताबरोबर आहे. विषाच्या खटल्यात विष सापडलेच पाहिजे असा अडेल नियम करता येत नाही, आगेमागेच्या वागणुकीवरूनही निष्कर्ष निघतो, हे हिदायतुल्लांचे म्हणणे मला मान्य आहे. नाही तर सापडणार नाही असे विष निवडणारा प्रत्येक हुशार माणूस सुटेल. पण परीक्षणाच्या शेवटी कथा नापसंत ठरवणे निराळे, आणि माणूस फाशी देणे निराळे. तीन थोर वाचकांपैकी एकाला ती कथा दुसऱ्या तऱ्हेने वाचता आली होती, हे आठवले की दोरापाशी माझा हात अडखळतो. सरकार यांची ती पाने म्हणून मी दोनदा वाचली.

कायद्याची मुले हा निकाल अजून अभ्यासतात. वकीलसाहेबांनी सांगितले की त्याला सगळे 'लागू केस' म्हणतात. निकालाच्या मथळ्यावर 'अनंत चिंतामण लागू विरुद्ध मुंबई राज्य' असे आहे. लक्ष्मीबाईंचे नाव आत, मजकुरात येते, आणि त्याच्या पुढे उर्फ घालून त्यांची बाकीची नावे दिली आहेत. तीत 'जोशी' नाही.